टोपीवाल्याची घंटी

आमच्या क्वार्टरमध्ये दिवसा मोठ्यानं बोलायची बंदी होती. बाबा वीज केंद्रात ऑपरेटर होते. रात्रपाळी असली की ते सकाळी घरी येऊन मधल्या खोलीत कूलरपुढं आडवे व्हायचे, आणि मग सगळं घर चवड्यांवर चालायचं. आई कुकरची शिट्टी होऊच द्यायची नाही, चमच्यानं हलकेच उचलून वाफ सोडायची. घासायची भांडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहायची. बाहेर आमची ऊर्जानगर कॉलनी मात्र कधी गप्प नसायची. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याची घरघर चालू असायची, पाळी बदलताना भोंगा व्हायचा, आणि मधूनच कुठंतरी एवढ्या जोरात वाफ सोडायचे की खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्यानं बाबांची झोप मोडत नसे. आमच्या कुजबुजीनं मोडायची. "पोट्टेहो, चूप ऱ्हा न बे," असं आतून आलं की आमचे श्वाससुद्धा थांबायचे. माझं सगळं लहानपण कुजबुजत गेलं, आणि आता सगळे म्हणतात कुंदा फार मोठ्यानं बोलते. बोलणारच.

कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो बाबांच्या एका मित्राची बदली झाली म्हणून. सामान फार होतंय म्हणत त्यानं तो आमच्याकडे सोडला. आईनं त्याला क्रोशाचं झाकण विणलं, दसऱ्याला हळदकुंकू लावलं, आणि चपला घालून त्या खोलीत जायचं नाही असा नियम केला. चंद्रपुरात राहणाऱ्या आमच्या आत्याकडं लाईट जायची, यायची, पुन्हा जायची; आमच्या कॉलनीत ती जात नव्हती. आत्याची पोरं सुट्टीत आली की कॉम्प्युटरकडं आणि न थांबणाऱ्या पंख्याकडं अशी काही बघायची की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. दुसऱ्यानं माझ्यावर जळावं हे मला फार आवडायचं. ते सुख काही टिकलं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कॉम्प्युटरबरोबर एक सीडी आली होती आणि सीडीत एक खेळ. त्यात बंदुका नव्हत्या, मोटारी नव्हत्या. हातानं रंगवल्यासारखी चित्रं, एकामागून एक. त्या चित्रांतून लाल टोपी घातलेला एक पोरगा चालायचा, कुण्या जादूगाराचा चेला. त्याच्या राज्यातली सकाळ कुणीतरी पळवली होती, आणि ती त्याला परत आणायची होती. आपण माऊसनं टिचकी मारू तिथं तो जायचा, वस्तू उचलायचा, पोत्यात टाकायचा, आणि पुढं कधीतरी ती वस्तू योग्य जागी वापरली की नवं चित्र उघडायचं. त्याचं इंग्रजी नाव आमच्या तोंडात बसेना, म्हणून तो आमचा टोपीवाला झाला. माणसं त्याच्याशी बोलायची ती खाली अक्षरांत उमटायची, सगळी इंग्रजी. खुर्ची आणि माऊस दादाचा. शेजारचं स्टूल आणि मांडीवरची जाडजूड डिक्शनरी माझी. मी शब्द शोधायची, अर्थ लावायची, दादाच्या कानात सांगायची, आणि दादा मान हलवून टिचकी मारायचा. त्या मान हलवण्यासाठी मी सगळी दुपार घाम गाळत बसायची. आवाज अर्थातच बंद. स्पीकरची वायर दादानं पहिल्याच दिवशी काढून माळ्यावर टाकली होती.

दादाची बारावी झाली होती. निकाल लागला की तो नागपूरला होस्टेलात जाणार, हे घरात ठरलेलं होतं. त्याआधी टोपीवाल्याला शेवटापर्यंत न्यायचं, आणि ते आम्ही दोघांनी न्यायचं, असं तो मला म्हणाला होता. दोघांनी. हा शब्द मी किती जपून ठेवला होता ते माझं मलाच ठाऊक. दादा जाणार म्हणजे घरातली कुजबुजसुद्धा जाणार होती. मला निदान एक गोष्ट अशी हवी होती की जी त्यानं माझ्याबरोबर पुरी केली, दुसऱ्या कुणाबरोबर नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात सुगी आली.

सुगंधा, माझ्या काकांची मुलगी, माझ्याहून थोडी लहान. काका सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी धानाची शेती करायचे. गावची शाळा सातवीला संपायची, म्हणून पुढच्या शिक्षणासाठी तिला आमच्याकडं ठेवायचं ठरलं. काका तिला बसमधून घेऊन आले. सोबत नव्या तांदळाचं पोतं, लाखोळीची डाळ, आणि पळसाच्या पानांत बांधलेली टेंभरं, तेंदूची पिकली फळं. आईला ती मोठीआई म्हणायची, बाबांना मोठेबाबा, आणि ते असं म्हणायची की दोघं लगेच विरघळायचे. आईनं तिच्यासाठी लाखोळीचे वडे तळले. मी कितीदा मागितले होते तेव्हा "एवढ्या उन्हात चुलीपुढं कोन उभं राह्यते व" म्हणणारी माझी सख्खी आई, ती पाहुणीला गरमगरम वडे वाढत म्हणाली, "खाय बेटा, किती वाळली." वाळली कसली, माझ्यापेक्षा चांगली धडधाकट होती. मी चार वडे रागानं खाल्ले आणि पोट बिघडवून घेतलं.

बाबांची झोप तिच्यामुळं कधी मोडली नाही, ही तर कमालच. ती चालायची ते ऐकू यायचं नाही. आमची भांडी संध्याकाळपर्यंत पडून राहायची ना, ती तिनं न वाजवता घासून दाखवली. बाबा उठून म्हणाले, "ह्या पोरीकून शिका जरा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं वाटलं, दाणकन एक परात आपटावी जमिनीवर.

पहिले काही दिवस ती आमच्या मागं दारात उभी राहून खेळ बघायची. मी तिला स्टुलाजवळ येऊ दिलं नाही. तिला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मी प्रत्येक शब्दाचा अर्थ मुद्दाम जरा लांबण लावून सांगायची, तिला ऐकू जाईल असा. पण नेमके तेव्हाच आम्ही अडकलो. टोपीवाला एका रानाच्या तोंडाशी पोचला होता. पायवाट, दोन्हीकडं काळी झाडं, आणि वाटेवर एक उभा दगड. आत शिरलं की चित्रामागून चित्र रानाचंच. डावीकडं जा, उजवीकडं जा, समोर जा, थोड्या वेळानं तोच दगड पुन्हा समोर. दादानं सगळ्या वाटा घालून पाहिल्या. मी दगडावर काही कोरलंय का ते बघत डोळे दुखवून घेतले. निकाल जवळ येत होता आणि टोपीवाला गोल गोल फिरत होता.

एका दुपारी मागून सुगी हळूच म्हणाली, "दादा, हा रिकाम्या हातानं काऊन जाऊन राह्यला?"

"म्हणजे?" दादानं विचारलं.

"तिथी दगडापाशी काई ठेवाव लागते न. आमच्याकडं रानात शिरताना ठेवतेत. पान नाई त खडा. मंग जातेत."

हे मलाही माहीत होतं. गावी गेलं की रानाकडच्या वाटेवर देवाच्या दगडापाशी डहाळ्यांचा ढीग दिसायचा, आणि जाणारा येणारा प्रत्येक जण एक डहाळी मोडून त्यावर टाकायचा. मीही टाकली होती. पण ते गावी. कॉम्प्युटरात ते चालेल हे डोक्यात तरी कसं यावं? मी फिसकन हसले. दादा नाही हसला. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "बस. ठेव तूच."

उठला! माझ्यासाठी तो त्या खुर्चीतून एकदाही उठला नव्हता. मी कधी म्हटलंच नव्हतं, मला वाटायचं तो आपण होऊन म्हणेल.

सुगीनं माऊस असा धरला की जणू कोंबडीचं पिल्लू आहे. टोपीवाल्याच्या पोत्यात तेव्हा तीन वस्तू होत्या: दोरी, पाव, आणि एक चांदीची छोटी घंटी. दादा म्हणाला, पाव ठेव. ती चित्राकडं वाकून बघत म्हणाली, "नाई, उष्टा हाये तो. चावलेला दिसते. देवाले उष्टं देतेत का?" खरंच पावाचा एक कोपरा खाल्लेला काढला होता. एवढे दिवस तो पाव मी रोज बघत होते. दोरीचं तिनं कारण दिलं की रानात लाकडं बांधायला लागेल. राहिली घंटी. ती तिनं दगडावर नेऊन ठेवली. घंटी चित्रात थोडी हलली, आणि दगडाच्या पायाशी दिसेनाशी झाली. मग तिनं टोपीवाल्याला रानात घातलं. प्रत्येक चित्रात एका कुठल्यातरी फांदीवर निळा पक्षी बसलेला असायचा. तो काही उचलता येत नव्हता, म्हणून आम्ही त्याचा नाद सोडला होता. सुगी आपली तो दिसेल तिकडं टोपीवाल्याला नेत होती. "बोलावून राह्यला तो," म्हणाली. मी म्हटलं, "आवाज बंद आहे, शहाणे." ती टिचक्या मारत राहिली. डावीकडं, मग समोर, मग पुन्हा डावीकडं, आणि एकदम रान संपलं. समोर नदी.

दादा ओरडला. बाबांची रात्रपाळी होती, ते आत झोपलेले होते, आणि दादा घसा फाडून ओरडला. बाबा लुंगी सावरत बाहेर आले, आम्ही तिघं गारठलो, आणि दादानं पडद्याकडं बोट दाखवून सांगितलं, "सुगीनं रान पार केलं." बाबांनी डोळे चोळत पाहिलं आणि म्हणाले, "शाब्बास." शाब्बास! झोप मोडली तरी शाब्बास. मी डिक्शनरी मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी पीत राहिले, तहान नसताना.

त्यानंतर खुर्ची दादाची, पण माऊस कधी दादाकडं तर कधी सुगीकडं. मी स्टुलावरच. अक्षरं आली की मला विचारायचे, नाही आली की दोघं मिळून पुढं जायचे. माझं जळणं इतकं उघड होतं की आई म्हणाली, "कुंदे, तोंड पाडून काऊन बसली? दूध नासलं का?" मी रोज मनात म्हणायची, ही काहीतरी मोठी चूक करो. देवाकडं मागायची म्हटलं तरी चालेल. आणि देवानं ऐकलं.

खेळाच्या शेवटी डोंगराएवढा एक दगडी माणूस फाटकाला पाठ लावून झोपला होता. फाटकाच्या पलीकडं पळवलेली सकाळ. त्याच्या पायाशी ओळी कोरल्या होत्या. मी डिक्शनरी उघडली, आणि अर्थ लागला तशी मी मनातल्या मनात उडीच मारली. लिहिलं होतं, ह्याचा जो आवाज हरवला आहे, त्यानंच हा उठेल. दगडी माणसाच्या गळ्यात साखळी होती आणि साखळीला टोकाशी काहीच नव्हतं. मी म्हटलं, "घंटी." मग मोठ्यानं म्हटलं, "घंटी! त्याची घंटी. आपण ती दगडाला वाहून आलो. हिच्यामुळं."

मागं जायची सोय नव्हती. नदी ओलांडल्यावर तराफा फुटून वाहून गेला होता. दादा रोज उठताना कालच्या जागेवरच आजचा खेळ साठवून ठेवायचा, म्हणजे जुनं काही शिल्लक नाही. पहिल्यापासून सुरुवात करायची तर निकाल परवावर आलेला. सगळं संपलं होतं, आणि मी खुशीत होते. आता दादा तिला बोलेल. एकदा तरी बोलेल.

सुगी पडद्याकडं बघत शांतपणे म्हणाली, "देवाले देल्लेली वस्तू परत कशी मागाव?"

दादा तिच्याकडं बघून जो हसत सुटला, तोंडावर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बाबा झोपलेत म्हणून अंगातल्या अंगात. सुगीही हसायला लागली. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून असे हसले की खुर्ची करकरली. मी म्हटलं, "जाय न मग तुझ्या गावाले, तिथीच बस दगडाले घंट्या वाहत." हे मी म्हटलं, आणि मला त्याचं वाईटबिईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते ह्याचं की ते दोघांनी ऐकलंसुद्धा नाही.

दादा गेला. कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण पडलं. एकदा सुगी शाळेत असताना मी पोटदुखीचं कारण काढून घरी राहिले आणि खुर्चीत बसले. माऊस पहिल्यांदा माझ्या हातात. रानापर्यंत सहज गेले, वाट पाठच होती. दगडापाशी मी घंटी ठेवली नाही. मुद्दाम नाही ठेवली. निळा पक्षी वगैरे तिचे वेडे चाळेही केले नाहीत. आणि रान उघडलं नाही. आई जेवायला बोलवेपर्यंत टोपीवाला गोल गोल फिरत राहिला. म्हणजे तिचंच खरं होतं तर, घंटी दिल्याशिवाय रान सोडत नाही. आणि दिली तर शेवट नाही. ह्या गोष्टीनं मला किती वर्षं छळलं हे सांगितलं तर लोक हसतील. माझं लग्न झालं, पोरं झाली, मी शिक्षिका झाले, आणि अजूनही कधी भाजी निवडताना एकदम आठवायचं, रान तिनं पार केलं होतं.

आता माझी पन्नाशी दिसू लागली आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं सुगीच्या घरी जमलो, सिंदेवाहीला. ती तिथं भातसंशोधन केंद्रात नोकरी करते. अंगणात आंबा, मागं वाफे, आणि अजूनही चालली तर ऐकू येत नाही. दादाच्या मुलानं तो जुना खेळ कुठूनसा मिळवून लॅपटॉपवर घालून दिला होता. दादानं लॅपटॉप टेबलावर ठेवला, आणि मी वाट न बघता खुर्ची पकडली. कुणी काही म्हणायच्या आत माऊस धरला. दादा हसला, त्याचं टक्कल चमकलं. "खेळ बाप्पा," म्हणाला, "पण घंटी देऊन नको बसू ह्या खेपेला."

खेळ सुरू झाला आणि मी दचकलेच. वाद्यं वाजत होती. माझा हात आपोआप आवाज बंद करायला गेला. मग आठवलं की आतल्या खोलीत कुणी झोपलेलं नाही. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी आवाज पूर्ण वाढवला. टोपीवाल्याला चालताना बुटांचा आवाज होता, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

थोड्या वेळानं सुगी दादाला म्हणाली, "चल, धान कसं ठेवलं ते दाखवतो." मलाही विचारलं, येतेस का. मी नाही म्हटलं. माझी एक जुनी बाकी होती. ते गेले, आणि मी रानाच्या तोंडाशी पोचले. दगडाला काही दिलं नाही. आत शिरले, आणि डावीकडून शीळ आली. निळा पक्षी चोच उघडून शीळ घालत होता. त्याच्याकडं गेले. पुढच्या चित्रात समोरून शीळ. मग पुन्हा डावीकडून. नदी. एवढंच होतं! घंटीचा काही संबंध नव्हता. मी टाळीच वाजवली. कोण म्हणालं होतं घंटी दिल्याशिवाय रान सोडत नाही? आणि टाळी वाजवता वाजवता हात थांबले. बोलावून राह्यला तो. आवाज बंद असताना, माळ्यावर वायर असताना, त्या पोरीनं नुसती चोच हलताना बघून ओळखलं होतं. म्हणजे फिरून तीच! माझ्या नाकाला इतक्या वर्षांनी त्याच मिरच्या झोंबल्या, ताज्या.

तरी मी थांबले नाही. दगडी माणसापर्यंत गेले, त्याच्या साखळीला घंटी लावली, ती वाजली, तो उठला, फाटक उघडलं, आणि सगळ्या पडद्यावर सकाळ पसरली. झाडं हिरवी झाली, कोंबडे आरवले. टोपीवाल्यानं टोपी काढून उडवली. मी जिंकले. मी एकटीनं, दोघांच्याही आधी. मी मागं वळून बघितलं, तर घर रिकामं. पंखा फिरत होता. दोघं अजून धान बघत होते. दादा धानाच्या पोत्यांवर हात फिरवत काय विचारत असेल आणि ती काय सांगत असेल ते मला इथं बसून दिसत होतं.

मी बराच वेळ त्या सकाळीकडं बघत बसले. अशी कंटाळवाणी सकाळ मी पाहिली नाही. मग ते दोघं अंगणात बोलत आल्याचं ऐकू आलं, आंब्याखाली खाट ओढल्याचंही. त्यांचं हसणं सुरू झालं. मी खेळ बंद केला, पहिल्यापासून सुरू केला, टोपीवाल्याला तडक रानाच्या तोंडाशी नेलं, पोतं उघडलं, आणि घंटी उचलून दगडावर ठेवली.

काय वाजली ती! घरभर, दारातून बाहेर, अंगणभर. आम्ही तिघांनी तो आवाज मिळून कधीच ऐकला नव्हता.

"काय वाजलं व कुंदे?" अंगणातून सुगी ओरडली, आणि दोघं धावत आत आले.

दादानं पडदा बघितला आणि कपाळावर हात मारला. "देल्ली? अव, आता शेवटी अडकशील न!"

"अडकू दे," मी म्हटलं. "बसा."

दादानं खाट आत ओढली. मी टोपीवाल्याला रानात घातलं. सुगीनं कोपऱ्यातलं स्टूल उचलून माझ्या शेजारी आणलं, पडद्याकडं वाकली, आणि निळ्या पक्ष्यानं शीळ घातली तशी लहान पोरीसारखी हसली. मग तिचा हात टेबलावर माझ्या हाताकडं सरकला.

"दे न व माऊस तिले," दादा मागून म्हणाला.

मी स्टुलासाठी जागा करून दिली. माऊस काही दिला नाही.